संकष्टीला वाढलेले ईस्टरचे पान

माझे शिक्षण इयत्ता आठवीपर्यंत झाले आहे आणि ही गोष्ट मी कोणापासून लपवीत नाही. मस्कतमधील रुवी भागात ज्या टायपिंगच्या दुकानात माझे टेबल आहे, तेथे पदवी घेतलेली माणसे ताटकळत उभी राहतात आणि म्हणतात, "अंकल, जरा लिहून द्या." पगार अडतो, रजा नाकारली जाते, अर्बाब, म्हणजे मालक, फोन उचलत नाही, अशा वेळी माणसाला रडता येते, परंतु मुद्देसूद रडता येत नाही. ते काम माझे. मजकूर मी रचतो आणि शेजारचा टायपिस्ट त्याचे अरबी करतो. माझ्या हातचा अर्ज अपुरा म्हणून परत आल्याचे मला तरी स्मरत नाही.

आज मात्र अर्जदार मीच आहे. तक्रार माझ्या थोरल्या बंधूंविरुद्ध आहे आणि ती दाखल करून घेणारे कार्यालय मस्कतमध्ये नाही, रत्नागिरीतही नाही. सबब येथे लिहितो.

दादांचे मत्रहच्या बाजारात कापडाचे दुकान आहे आणि अल अमेरातला घर आहे. त्यांनीच व्हिसा काढून मला या देशात आणले. ते मी विसरलेलो नाही, आणि विसरावे म्हटले तरी ते विसरू देत नाहीत. आमच्या पंचक्रोशीतील जी कुटुंबे येथे आहेत त्यांचा नियम साधा आहे: दादा ज्या घरी जेवतात त्या घरी सगळे जेवतात, आणि ज्या घरचे पाणी दादा घेत नाहीत त्या घराचा जिना कोणी चढत नाही. दोन वर्षांपासून ते घर माझे आहे.

कारण माझी सून ग्रीक आहे. माझा मुलगा ज्या हॉटेलात सामानाची खरेदी पाहतो, तेथेच ती पाहुण्यांच्या स्वागताला होती. दोघांनी नोंदणी पद्धतीने विवाह केला. मला ते प्रथम रुचले नव्हते. परंतु मुलगी माबेलाच्या आमच्या दोन खोल्यांत आली, सासूच्या शेजारी पाटावर बसून भाकरी थापायला शिकली, आणि मला "बाबा" म्हणू लागली. भाकरी अजून तिला गोल येत नाही. माझ्या मुलालाही येत नाही, आणि त्याबद्दल त्याला कोणी काही बोलत नाही.

तिच्या पहिल्या गणपतीत आम्ही अल अमेरातला दादांकडे गेलो, तेव्हा तिने स्वतः केलेल्या करंज्यांचे ताट नेले होते. वहिनींनी ते हसतमुखाने घेतले आणि फ्रिजच्या डोक्यावर ठेवून दिले. आरती झाली, प्रसाद वाटला, पंगत उठली, ताट तेथेच. निघताना सूनबाईंनी वर एकदा पाहिले. मराठी तिला तोडकीमोडकी येते, पण फ्रिजवर ठेवलेले ताट वाचायला मराठी लागत नाही.

यंदा सूनबाईंचा ईस्टरआधीचा मोठा उपास सुरू झाला त्या आठवड्यात ती माझ्यासमोर येऊन बसली.

"बाबा, माझ्या गावात ईस्टरला घरातला सगळ्यात मोठा माणूस पहिला अंडा फोडतो. माझे पप्पा आता नाही. आपल्या घरात मोठे काका आहे. ते आले पाहिजे." मग म्हणाली, "आणि जेवले पाहिजे."

माझ्या मुलाकडे तिने आजवर सोन्याचा मणी मागितलेला नाही. मागितले ते एवढेच. मी म्हणालो, "येतील आणि जेवतील." माझा शब्द हा माझा धंदा आहे.

लग्नाचे आमंत्रण द्यावे तसा मी नारळ घेऊन अल अमेरातला गेलो. वहिनींनी चहा पुढे केला आणि विचारले, "काय काय रांधणार म्हणे तुमची मडम?" मी म्हटले, कोकरू, सूप, द्राक्षाच्या पानांत गुंडाळलेला भात, विणलेला गोड पाव. वहिनी म्हणाल्या, "पानांत भात? आमच्या पातोळ्या काय वाईट होत्या? आणि पाव विणायचा, मग स्वेटर भाजायचा काय हो, भाऊजी?" मी हसलो. बाईंचे बोलणे तसेच आहे. त्यांच्या जिभेवर माझा राग कधीच नव्हता.

दादांनी दोनच गोष्टी विचारल्या. गाईचे, डुकराचे काही नाही ना? मी म्हटले, नाही. आणि रविवार कोणता? मी तारीख सांगितली. रविवार हा या देशात कामाचा दिवस, म्हणून मुद्दाम दुपारची वेळ धरली होती. मत्रहची दुकाने एकला बंद होतात, ती चारला उघडतात. दादांनी मान वळवून भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे पाहिले. बराच वेळ पाहिले. मग म्हणाले, "येतो." मला वाटले, केवढे हे अगत्य. माणूस दिनदर्शिका पाहून होकार देतो.

त्यानंतरचे आठवडे आमच्या घरी दुसरा विषय नव्हता. माझी पत्नी कांद्याची सालपटे साठवू लागली, कारण त्यांच्या उकळीत अंडी लाल होतात असे सूनबाईंनी सांगितले होते. कोपऱ्यावरच्या भाजीवाल्या मलबारी माणसाने एक दिवस विचारले की, मॅडम कांदे घेत नाही, नुसती सालपटे घेते, देशात सगळे ठीक आहे ना. पावात घालायला महलेब नावाचे बी लागत होते. एका जातीच्या रानटी चेरीच्या कोयीतला तो गर. ते मला मत्रहच्या बाजारात सापडले, पण किराणावाल्यांकडे नव्हे, तर जेथे ऊद आणि लोबान विकतात तेथे. इकडच्या बायका ते अत्तरात घालतात. दुकानदाराला मी सांगितले की आम्ही हे पावात घालणार आहोत, तेव्हा त्याने माझ्याकडे दयेने पाहिले.

तिचा उपास मात्र आम्हांला समजायला वेळ लागला. मांस नाही, येथपर्यंत ठीक. परंतु दूध नाही, तूप नाही, दही नाही, अंडे नाही. ईस्टरच्या आधीच्या शुक्रवारी तर तेलही नाही. आमच्याकडे उपास म्हटला की घरात तूप जास्त लागते. त्या शुक्रवारी माझ्या पत्नीने मायेने साबुदाण्याची खिचडी केली, वर तुपाची धार सोडली, बाजूला दह्याची वाटी ठेवली आणि म्हणाली, "खा गो बाय, दमलीस." सूनबाई ताटाकडे पाहत राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी आले, कारण तिला सासूचे मन मोडवेना आणि व्रतही मोडवेना. शेवटी तिने दोन खजूर खाल्ले. पत्नी रात्री मला म्हणाली, "अहो, आपण उपासाला खातो आणि ती उपासाला उपाशी राहते." मला हे वाक्य आवडले नाही, परंतु खोडून काढता आले नाही.

दुसरा प्रश्न शनिवारचा. आमच्या घरात शनिवारी मांस येत नाही, मारुतीचा वार. सूनबाईंच्या रीतीप्रमाणे शनिवारची मध्यरात्र उलटली की चर्चमधून येऊन कोकराच्या वजडीचे सूप पितात आणि त्यानेच उपास सोडतात. तिचे म्हणणे असे की बारा वाजले म्हणजे रविवार. मी तिला समजावले की आपला दिवस सूर्योदयाला बदलतो, घड्याळाला नाही. तिने वाद घातला नाही. म्हणाली, "मग सूप सकाळी." अशा रीतीने तिने आपल्या धर्माचा घास आमच्या मारुतीसाठी पुढे ढकलला. हे मी मुद्दाम नोंदवतो, कारण पुढील मजकूर वाचताना ते ध्यानात असणे आवश्यक आहे.

रविवारी उजाडल्याबरोबर मी आणि मुलगा सीबच्या बाजारात गेलो. खाटिकाने विचारले, शुव्यासाठी? इकडे ईदला मसाला लावून मांस जमिनीखालच्या भट्टीत रात्रभर पुरून ठेवतात, त्याला शुवा म्हणतात. मुलगा म्हणाला, नाही, ओव्हनसाठी, ग्रीक पद्धतीचे. खाटीक म्हणाला, "यल्ला, कोकरू तेच आहे."

घरी येताच स्वयंपाकघराचे दोन भाग झाले. पत्नीने वजडी घेतली. ती धुण्याची कला कोकणातल्या बाईला कोणी शिकवावी लागत नाही. मीठ चोळून, पीठ चोळून, आतडी उलटी करून तिने ती अशी स्वच्छ केली की सूनबाई टाळ्या वाजवू लागली. सुपात शेवटी अंडे आणि लिंबाचा रस घालतात, ते फुटू नये म्हणून गरम पाणी चमच्याचमच्याने मिसळावे लागते. पत्नी म्हणाली, "कढीसारखंच आहे. सर बाजूला." दुसऱ्या बाजूला सूनबाईंनी कोकराच्या मांडीला सुरीने भोके पाडून त्यात लसूण खोचली, लिंबू पिळले, तिच्या गावाहून आईने पाठवलेला सुकलेला रानओवा चोळला आणि भोवती बटाटे मांडले. हळद नाही, मिरची नाही, गरम मसाला नाही. मी विचारले, याला चव कोठून येणार? ती म्हणाली, "बाबा, थांबा." दोन तासांनी वास जिन्यात पोहोचला. खालच्या मजल्यावरच्या ओमानी आजींनी नातीला वर पाठवून विचारले की आज कोणती ईद आहे.

लाल अंडी काचेच्या वाडग्यात रचली. पाव वेणीसारखा विणलेला आणि मध्ये एक लाल अंडे खोचलेले. द्राक्षपानांच्या गुंडाळ्या, काकडी किसून घातलेले दही, तिळाची बिस्किटे. टेबलाच्या डोक्याशी दादांची खुर्ची. पत्नीने त्या पानाभोवती रांगोळी काढली. प्लेटभोवती रांगोळी हे जगात कोठे होत नसेल, पण आमच्या घरी झाले.

दीडच्या सुमारास दादा आणि वहिनी आले. वहिनींच्या हातात स्टीलचा डबा होता. पाहुणा रिकाम्या हाताने येत नाही, हे आमचे रीतसर वळण. सूनबाईंनी डबा दोन्ही हातांनी घेतला आणि सर्वांत चांगल्या जागी, पावाच्या शेजारी ठेवला. दादा खुर्चीवर बसले. सर्व पदार्थांवरून त्यांनी नजर फिरवली. मग म्हणाले,

"छान केलंय. तुम्ही जेवून घ्या. माझी आज संकष्टी."

मी भिंतीकडे पाहिले. आमच्याही घरी दिनदर्शिका आहे. त्या रविवारच्या चौकटीत गणपतीचे छोटे चित्र होते. तिचा सण पौर्णिमेनंतरच्या रविवारी येतो आणि पौर्णिमेनंतर चौथ्या दिवशी आमची चतुर्थी. गेले कित्येक आठवडे आम्ही तिचे व्रत अभ्यासले, वार अभ्यासला, तेल-तुपाचा काथ्याकूट केला, आणि स्वतःच्या भिंतीवरचा गणपती एकाही माणसाने पाहिला नाही. ही चूक आमची. मी ती नाकारत नाही.

परंतु दादांनी तो पाहिला होता. माझ्यासमोर पाहिला होता आणि त्यानंतर "येतो" म्हणाले होते.

मी विचारले, "दादा, तुम्ही संकष्टी केव्हापासून धरता?"

"वय झालं की धरावी लागते."

रुवीत आठ जण एका खोलीत राहत असताना याच माणसाने चतुर्थीला सुरमई तळली होती आणि मी टाळाटाळ केली तेव्हा म्हणाले होते की, गणपती समुद्र ओलांडून येत नाही. ते वाक्य त्या वेळी माझ्या ओठांवर होते. सूनबाईंसमोर मी ते गिळले.

डब्यात काय आहे ते वहिनींनी सांगितले: साबुदाण्याची खिचडी. "यांच्यापुरती," त्या म्हणाल्या, आणि प्रथमच त्यांचा आवाज खाली गेला.

मुलाने सूनबाईंना इंग्रजीत सांगितले की काकांचा आज उपास आहे. मला वाटले ती रडेल. ती उजळली. उपास म्हणजे काय ते त्या टेबलावर तिच्याइतके कोणाला ठाऊक होते? तिने सर्वांना हाताने थांबायची खूण केली, सासूला घेऊन आत गेली आणि आतून दोघींचे बोलणे ऐकू येऊ लागले. बटाटा चालतो? चालतो. लिंबू? चालते. काकडी? चालते. दही? हो गो, दही चालते. लसूण? नको नको. रानओवा? तो राहू दे.

तोवर टेबलावर कोकरू निवत होते. चरबी पांढरी धरू लागली. मुलगा दादांना दुकानाचे विचारत होता, दादा एकेका शब्दात उत्तर देत होते.

अर्ध्या तासाने सूनबाई ताट घेऊन आली. लिंबात शिजवलेले बटाटे आणि काकडीचे दही. तिच्या गावचेच दोन पदार्थ, आमच्या उपासाच्या नियमांत बसवलेले. तिने ते रांगोळीच्या मध्ये ठेवले आणि म्हणाली, "मोठे काका, हे चालते. आईने सांगितले."

दादांनी ताटाला हात लावला नाही. माझ्या पत्नीला विचारले, "तेल कसलं?"

"शेंगदाण्याचं, दादा."

"मीठ?"

"सैंधव."

मग म्हणाले, "भांडं कुठलं?"

तेव्हा मी उभा राहिलो. माझे वय झाले आहे, रक्तदाब आहे, आणि दादांसमोर मी आयुष्यात कधी आवाज चढवलेला नाही. तेव्हाही चढवला नाही. एवढेच म्हणालो, "भांड्याचं राहू दे, दादा. हात कुणाचा, ते विचारा."

"दुसऱ्यांचे अर्ज लिहून शहाणा झालास," दादा म्हणाले. "तुला इथं आणलं कुणी?"

"तुम्ही आणलंत. म्हणून तर ही खुर्ची तुमची."

ते उठले. वहिनी उठल्या, जाताना त्यांनी सूनबाईंच्या खांद्याला हात लावला आणि लगेच काढून घेतला. चारला दुकान उघडायचे आहे, असे दादा जिन्यात म्हणाल्याचे ऐकू आले. तेव्हा तीनही वाजले नव्हते.

माणूस एखाद्याकडे जेवत नाही, हा त्याचा अधिकार आहे. सरळ "नको" म्हणावे. मला तो अर्थ समजला असता, मी तो सूनबाईंना कसाही समजावला असता. परंतु एका मुलीने केलेला घास नाकारायला या गृहस्थांनी गणपतीला खोटा साक्षीदार उभा केला. इतक्या वर्षांत मी हजारो अर्ज लिहिले. खोटा साक्षीदार मी कोणालाही घालू दिला नाही. आणि त्यांनी घातला तो कोण, तर ज्याच्या आरतीला ते स्वतः माझ्या सुनेला उभी करतात.

जेवण झाले. निवलेले कोकरूही उत्तम होते. चवीबद्दलचा माझा आक्षेप मी मागे घेतला. सूनबाईंनी पहिले अंडे माझ्या हातात दिले. मी नको म्हणालो, ती म्हणाली, "बाबा, आता तुम्ही मोठे." मी ते तिच्या अंड्यावर आपटले, माझे फुटले, तिचे राहिले. जिचे राहते तिचे वर्ष चांगले जाते म्हणे. ती हसली खरी, पण ते बटाट्यांचे ताट तिने कोणाला दिले नाही. उभ्या उभ्या स्वयंपाकघरात तिने ते एकटीने संपवले.

राहिला डबा. खिचडी कोणी खाल्ली नाही. दुसऱ्या दिवशी पत्नीने डबा घासून पुसून ठेवला आणि विचारले, यात काय घालून पाठवू? आमच्याकडे कोणाचे भांडे रिकामे परत जात नाही. काही नसेल तर चिमूटभर साखर घालतात, पण रिकामे देत नाहीत. रिकामे भांडे म्हणजे संबंध संपला. सूनबाई म्हणाली की तिच्या गावातही तसेच आहे.

मी म्हणालो, "रिकामा जाईल. मी स्वतः नेईन."

पत्नीने माझ्याकडे पाहिले. "अहो, थोरले आहेत."

"म्हणूनच मी जातो आहे. मुलाला पाठवीत नाही."

संध्याकाळी टेबल बंद करून मी मत्रहला गेलो. बंदराच्या कठड्यापाशी टॅक्सीतून उतरलो, तेव्हा डब्यात काहीतरी खुळखुळले. झाकण काढून पाहिले. तिळाची दोन बिस्किटे आणि एक लाल अंडे, खाली कागदी रुमाल घडी करून ठेवलेला. हे काम पत्नीचे की सूनबाईंचे, ते मी आजतागायत विचारलेले नाही.

मी कठड्यावर बसलो. अंडे सोलून खाल्ले. मीठ नव्हते. मग दोन्ही बिस्किटे खाल्ली, एकामागून एक, भूक नसताना. ज्या घशाखाली ती जायला नकोत, त्या घशाखाली ती जाणार नाहीत, एवढाच माझा हेतू होता. रुमालाने डबा आतून पुसला, सालपटे कचऱ्यात टाकली आणि बाजारात शिरलो.

दादा गिऱ्हाइकाला कापड मोजून देत होते. मी डबा त्यांच्यासमोर ठेवला. ते म्हणाले, "बस, चहा मागवतो." मी म्हणालो, "माझी आज संकष्टी." सोमवार होता, पंचमी होती, दोघांनाही ते ठाऊक होते. त्यांनी मीटरपट्टी खाली ठेवली, डब्याचे झाकण उघडले आणि आत पाहिले. गिऱ्हाईक थांबले होते. दादांनी झाकण पुन्हा लावले नाही. मी तेथून निघालो.